एकोणीस मे, वेल्टन

व्हर्ना हुदाकला त्या शनिवारी खरं तर झोपायचं होतं. आठवडाभर रेल्वेच्या यार्डात पहाटेची पाळी झालेली, आणि बाहेर एप्रिलचा पाऊस असा लागलेला की पांघरुणातून पाय काढणं जिवावर यावं. पण हेलनमावशीपुढे कुणाचं काही चाललंय? पेनसिल्व्हेनियातल्या ॲशबी फोर्ज गावात, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये छोट्या आगगाड्यांचा मेळा होता, दोनशे माणसं जेवायला होती, आणि कोबी-शेवयांच्या कढईवर एक हात कमी पडत होता. त्यामुळे सकाळी अकरा वाजता व्हर्ना डोक्याला रुमाल बांधून, लोण्याच्या वाफेत, हातात झारा घेऊन उभी होती. नाकावरचा राग कुणालाही दुरून दिसला असता.

तेवढ्यात रांगेत एक उंच, हडकुळा तरुण पुढे आला. नखशिखांत भिजलेला. कोट होता त्याच्याकडे, पण तो अंगात नव्हता. छातीशी धरलेल्या एका खोक्यावर त्यानं तो पांघरला होता, एखाद्या तान्ह्या मुलाला पांघरावा तसा. ताटली घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून त्यानं खोकं काउंटरवर ठेवलं, कोट अलगद उचलला… आणि आतून वीतभर लांबीचा एक मालडबा बाहेर डोकावला. तपकिरी-लाल, गंजलेला, हुबेहूब.

व्हर्नानं वाकून पाहिलं. "काय सुंदर गंज आहे हो."

त्याचे कान लाल झाले. "थँक्यू…"

"सुंदर आहे. म्हणूनच खोटा वाटतो."

"खोटा?"

"हा डबा कधी पावसात उभा राहिलेला नाही. सगळीकडे सारखा गंज! केकवर साखर भुरभुरावी तसा. खरा गंज आळशी असतो. पाणी जिथे साठेल तिथेच तो बसतो, बाकीचा डबा सोडून देतो."

"तुम्हाला… तुम्हाला कसं माहीत?"

"पाच वर्षं रोज दीडशे डबे तपासते. यार्डात. खरे डबे, यापेक्षा सत्त्याऐंशीपट मोठे."

मागून कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, गंज नंतर, आधी शेवया वाढ!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसरा कुणी असता तर खोकं उचलून तणतणत निघून गेला असता. पण यानं ओल्या खिशातून पेन्सिल काढली, कागदी रुमाल पुढे ओढला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग खरा कसा असतो? दाखवाल?"

व्हर्नाला हसू आलं. रागाची सगळी तयारी फुकट गेली. "उद्या दुपारी दोन वाजता, यार्डावरच्या पुलावर. छत्री आणा. आणि हो… कोट अंगात घाला."

त्याचं नाव वेंडेल क्रेस. दुकानांच्या काचांवर आणि दूधवाल्यांच्या गाड्यांवर नावं रंगवायचा धंदा होता त्याचा. घरी आई, कंबरेनं अधू. तिला सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर उचलून ठेवावं लागे. धाकटी बहीण जानीन दूर ईरीला नर्सिंग शिकत होती. म्हणजे आई, दुकान आणि तळघरातली छोटी रेल्वे, एवढंच त्याचं जग. बोलायला बसला की पहिला शब्द सापडेपर्यंत समोरच्याचा चहा निवे. गावात म्हणत, क्रेसांच्या पोराच्या जिभेपेक्षा त्याचा कुंचला धीट आहे. खोटं नव्हतं ते. पुलावरच्या तिसऱ्या रविवारी त्यानं व्हर्नाचा जेवणाचा डबा मागून नेला, आणि परत दिला तेव्हा झाकणावर सोनेरी वर्खात तिचं नाव होतं. तोंडानं मात्र एवढंच म्हणाला, "झाकण जरा… कोरं वाटत होतं."

मग रविवारमागून रविवार गेले. पुलाच्या कठड्याला टेकून दोघं उभी राहत, खालून मालगाड्या सरकत, आणि व्हर्ना बोट दाखवून शिकवी.

"छप्पर बघा. रंग आधी तिथला उडतो, उन्हाचा मार तिथेच. आता टोकाची भिंत बघा, दोन उभे पट्टे दिसतात?"

"चिखलाचे?"

"चाकं उडवतात तो. आणि दाराच्या कडीखालून ओघळ येतो तो सरळ नसतो हं. गाडी धावते ना, वारा त्याला मागे ओढतो. जरासा तिरपा."

"जरासा तिरपा," तो लिहून घेई. मग डबा पाहायचं सोडून तिच्या तोंडाकडे पाही, आणि ती वळली की घाईघाईनं पुन्हा रुळांकडे.

"काय बघता?"

"गंज."

"माझ्या तोंडावर?"

"नाही! म्हणजे… नाक थोडं लाल झालंय. थंडीनं."

एका रविवारी वारा सुटला, तिची छत्री उलटी झाली, आणि तो पटकन म्हणाला, "तू भिजतेयस!" त्या 'तू'पाशी दोघंही थबकली. खालून चाळीस डब्यांची कोळशाची गाडी गेली, तरी कुणाला छत्री सरळ करायचं सुचलं नाही. पण त्यानंतर 'तुम्ही' पुन्हा आलं नाही.

तिनं त्याला ती चौकटही त्याच पुलावर दाखवली. प्रत्येक मालडब्याच्या खालच्या कोपऱ्यात एक काळी चौकट असते आणि तिच्यात पांढऱ्या अक्षरांत एक तारीख आणि एका गावाची खूण. डब्याचे ब्रेक कुठे आणि कधी उघडून साफ केले, त्याची ती नोंद. व्हर्ना स्वतः साच्यावरून रोज अशा तारखा रंगवत असे.

"ही डब्याची साक्ष," ती म्हणाली. "काम झाल्यावरच लिहायची. आमच्याकडे एकानं घरी लवकर जायचं म्हणून आदल्या दिवशीच उद्याची तारीख मारून ठेवली. नोकरी गेली त्याची. पुढची तारीख कुठल्याच डब्यावर नसते, वेंडेल. कधीच नाही."

"कधीच नाही," त्यानं लिहून घेतलं.

तरी पठ्ठ्या चुकलाच. पुढच्या जानेवारीत स्पर्धेला ठेवलेल्या डब्यावर त्यानं तारखेचा एक आकडा भलताच घातला, परीक्षकांनी भिंगातून तो पकडला आणि तीन गुण कापले. तीन गुणांनी पहिलं बक्षीस गेलं. वेंडेल आठवडाभर तोंड पाडून हिंडत होता. व्हर्नानं चिडवून चिडवून त्याला हसवलं आणि बजावलं, "यापुढे स्पर्धेआधी डबा माझ्याकडून तपासून न्यायचा. समजलं?"

"आणि तू काय सांगशील?"

"धड असला तर काहीच नाही. यार्डाची रीतच आहे ती. डबा ठाकठीक असेल तर तपासनीस गप्प पुढे जातो. तोंड उघडायचं ते फक्त दोष असला तर."

ही रीत डब्यांना ठीक आहे. माणसांनीही तीच धरली की काय होतं, ते पुढे येईलच.

ऑक्टोबर ब्याऐंशीमध्ये यार्ड बंद होण्याची नोटीस लागली. पोलादाच्या भट्ट्या वर्षभरापूर्वीच थंडावल्या होत्या. माल नाही म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून यार्ड नाही. नोकरीच्या ज्येष्ठतेच्या यादीत व्हर्ना शेवटून चौथी. तिला दोनच वाटा होत्या. एक म्हणजे घरी बसायचं, दुसरी म्हणजे एक फेब्रुवारीला पाचशे मैलांवर इंडियानातल्या वेल्टन यार्डात हजर व्हायचं. वडील गेल्यावर मावशीच्या घरात ती वाढलेली, घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. आणि नुसतं परवडण्याचंही नव्हतं ते. ते काम तिला आवडत होतं.

पुलावर तिनं वेंडेलला सांगितलं. सांगताना ती त्याच्या हातांकडे पाहत होती. कठड्यावरचे हात घट्ट झाले.

"इंडियाना," तो म्हणाला. "सपाट असते म्हणे."

"हो. सपाट."

"मक्याची शेतं…"

"असतील."

"आणि… पाऊस कमी. म्हणजे गंजही कमी असेल."

त्याला उचलून खाली रुळांवर फेकावं असं तिला वाटलं. थांब म्हण. नाही तर, मी येतो म्हण. दोन शब्द, वेंडेल! पण तो गंजावरच अडकला होता, आणि ती बोलणार नव्हती. स्वाभिमान होता तिला. तिच्याबरोबर काम करणारा म्हातारा ओटो बालाश रोज डोकं खायचा, "पोरी, तूच विचारून टाक ना."

"मी का? देवानं त्याला तोंड दिलंय."

"दिलंय, पण वापरायचं कसं ते सांगितलं नाही. अशा माणसांना जरा ढकलावं लागतं."

"ढकलल्यावर आलेला नको मला, ओटो. आपण होऊन आला तर हवाय."

नोव्हेंबर सरत आला. हरणांच्या शिकारीचा पहिला सोमवार आला, अर्धं यार्ड बंदुका घेऊन डोंगरात गेलं. नाताळ आला आणि गेला. दोघांची आपली अळीमिळी गुपचिळी. रविवारी भेटत होती, छपरांबद्दल बोलत होती, आणि निरोप घेताना एकमेकांचे हातमोजे उगाच थोडे जास्त वेळ धरून ठेवत होती.

सोळा जानेवारीला, रविवारी दुपारी, तो मावशीच्या स्वयंपाकघरात आला. खोकं टेबलावर ठेवलं. टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"शनिवारी स्पर्धा आहे. हा… तपासून ठेवशील?"

"ठेवते की. बस ना, मावशीनं अक्रोडाचा रोल केलाय."

"नको. सगळा तपास हं. अगदी… खालपर्यंत."

"आणि चूक निघाली तर?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "तर तुझ्या मनाला येईल ते कर," तो म्हणाला आणि जवळजवळ पळालाच.

बुधवारी तिला वेल्टनला जायचं होतं, डॉक्टरच्या तपासणीसाठी. तेव्हा मंगळवारी कामावरून आल्यावर तिनं खिडकीशी बसून खोकं उघडलं, मावशीचं शिवणकामाचं भिंग घेतलं, आणि पाहता पाहता तिचे डोळे भरून आले. काय केला होता तो डबा! दोन वर्षांतला प्रत्येक रविवार त्यात होता. छप्पर उन्हानं फिकटलेलं. टोकाच्या भिंतींवर चाकांच्या चिखलाचे दोन पट्टे. शिडीची सर्वांत खालची पायरी कुणाचा तरी धक्का लागून वाकलेली. कडीखालचा ओघळ जरासा तिरपा, वाऱ्यानं मागे ओढलेला. हा डबा पावसात उभा राहिला होता, बर्फात उभा राहिला होता, त्यानं देश पाहिला होता. तिनं तो एका कडेनं तपासला, मग दुसऱ्या कडेनं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मग खालच्या कोपऱ्यात ती काळी चौकट आली. भिंग स्थिर धरून तिनं वाचलं.

एकोणीस मे, त्र्याऐंशी. खाली वेल्टनची खूण.

व्हर्नाच्या छातीत काहीतरी एकदम उसळलं. क्षणभरच. मग तिनं स्वतःला दटावलं. चार महिने पुढची तारीख! अरे वेड्या, पुन्हा तेच! आणि गाव कुठलं लिहिलंय, तर वेल्टन. बिचाऱ्याच्या डोक्यात तेच नाव घोळत असणार, उतरलं हातातून. यात दुसरं काही शोधायला गेलो तर आपलंच हसं होईल, ती मनाशी म्हणाली. ज्याला समोर उभं राहून एक शब्द बोलता येत नाही, तो… छे. तीन महिने वाट पाहून ती इतकी थकली होती की आशा हातात घ्यायचीही तिला भीती वाटत होती. चूक मात्र तिला ओळखता येत होती. चुका ओळखण्याचाच पगार मिळत होता तिला.

चूक आहे हे त्याला सांगितलं तर तो ओशाळेल. चिठ्ठी ठेवली तरी ओशाळेल. त्यापेक्षा आपणच गुपचूप नीट करून ठेवावं, जाता जाता त्याला एक पहिलं बक्षीस देऊन जावं. टूथपिकच्या टोकाला स्पिरिट लावून तिनं ती पांढरी अक्षरं खरवडून काढली. चौकट पुन्हा काळी केली. वाळल्यावर मावशीच्या सर्वांत बारीक कुंचल्याचे दोन केस शिल्लक ठेवून तिनं नवी तारीख लिहिली, मागच्या ऑगस्टची, आणि खाली ॲशबी फोर्जची खूण. दोन तास गेले. मान अवघडली. पण अक्षर असं उतरलं की वेंडेलनंही मान डोलवावी. तिला त्या अक्षराचा अभिमान वाटला, हे सांगायलाच हवं. मग तिनं खोकं बांधून मावशीकडे दिलं, शनिवारी हॉलवर पोचवायला.

ती परतली तेव्हा डब्याला पहिलं बक्षीस मिळालेलं होतं. वेंडेल मात्र आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, रविवारचा पूलही रिकामा गेला होता म्हणे. आला तो थेट एकोणतीस तारखेला, शनिवारी, बसथांब्यावर. दाढी न केलेला. हातात मावशीनं दिलेली सँडविचची पुडी, ती त्यानं तिच्याकडे दिली.

"बक्षिसाचं ऐकलं," व्हर्ना म्हणाली.

"हो."

तिला वाटलं आता तो हसेल, अक्षराबद्दल काही बोलेल. तो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"वेंडेल, काही सांगायचंय तुला?"

त्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे दुखावलेले होते. पण तो एवढंच म्हणाला, "नीट राहा, व्हर्ना. तिथे थंडी जास्त असते. वारा अडवायला डोंगर नाहीत."

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि ओहायोची हद्द येईपर्यंत रडली, आधी दुःखानं, मग संतापानं.

वेल्टन खरोखरच सपाट होतं. काम होतं, लोक चांगले होते, भाड्याच्या खोलीतून पाण्याची टाकी दिसायची. पहिल्या नाताळात तिनं त्याला कार्ड पाठवलं. उलट कार्ड आलं, अक्षर देखणं, मजकूर एका ओळीचा. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मावशीचं पत्र आलं. वेंडेलचं लग्न झालं, शाळेत शिकवणाऱ्या कॉरिन नावाच्या मुलीशी. पोरगी गोड आहे, आणि लग्नातल्या बिस्किटांच्या टेबलावर अठरा प्रकार होते, त्यातले चार माझे, असं मावशीनं लिहिलं होतं. व्हर्नानं ते पत्र मधल्या सुट्टीत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत नव्वद डब्यांत अकरा दोष काढले. एवढे तिनं एका दिवसात कधीच काढले नव्हते.

आणि पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात वेल्टनच्या शाळेच्या व्यायामशाळेत छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन भरलं. नाही नाही म्हणत ती गेली. तिसऱ्या टेबलामागे तो उभा होता. थोडा भरलेला, टापटीप, आणि शेजारी गोल चेहऱ्याची, सहा महिन्यांची गरोदर बायको.

"अय्या, तुम्हीच व्हर्ना!" तिनं दोन्ही हातांनी व्हर्नाचे हात धरले. "यांच्या गंजाच्या मास्तरीणबाई! मी रोज ऐकते. ओघळ तिरपा का, तर व्हर्ना म्हणाली. छप्पर फिकट का, तर व्हर्ना म्हणाली. मला तर वाटायचं तुम्ही साठ वर्षांच्या असणार, मिशीवाल्या."

व्हर्ना हसली. तिचा राग येणं शक्यच नव्हतं, आणि तीच खरी अडचण होती.

"तुम्ही बोला, मी कॉफी आणते," कॉरिन म्हणाली. वेंडेलनं हात पुढे केला तसा तिनं झटकला. "मी आजारी नाहीये हो. चालते की."

ती गेली. टेबलावर डब्यांची रांग होती, आणि सगळ्यांत पुढे तो. व्हर्ना वाकली. काळ्या चौकटीत तिच्याच हाताची अक्षरं होती, तशीच्या तशी.

"तू अजून ठेवलंयस हे," ती म्हणाली.

"मग काय करणार? तुझं उत्तर आहे ते."

शब्द कानांवर पडला, पण पुढे सरकेना. "उत्तर…"

वेंडेल हसला. लग्नानं त्याची जीभ सैल केली होती, सरळ बोलता येऊ लागलं होतं आता. "तेव्हा मला बोलताच यायचं नाही गं. पुलावर प्रत्येक रविवारी ठरवून यायचो, आणि तोंडातून निघायचं छप्पर. मग म्हटलं, व्हर्ना बाकी काही वाचो न वाचो, ती चौकट वाचेलच. तूच शिकवलेलं ना, पुढची तारीख कधीच नसते म्हणून? म्हटलं, एवढं शिकवल्यावर मी असं चुकून लिहिणार नाही हे तिला कळेल. जानीन अठरा मेला कोर्स संपवून घरी येणार होती. आईला तिच्या हवाली करायचं आणि दुसऱ्या दिवशी, एकोणीसला, पहाटेची वेल्टनची बस धरायची. सगळं ठरवलेलं. तुला नको असेन तर तू खोडशील. हवा असेन तर…" त्यानं खांदे उडवले. "आणि तू खोडलंस. गावसुद्धा बदललंस. ॲशबी फोर्ज. म्हणजे, बाबा रे, आहेस तिथेच राहा. पण किती जपून खोडलं होतंस! ते अक्षर पाहून मला रागसुद्धा येईना."

कुठेतरी एक छोटी गाडी शिट्टी वाजवत बोगद्यातून बाहेर आली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्नानं टेबलाची कड धरली. त्या मंगळवारचे दोन तास, ते भिंग, ते स्पिरिट, ते दोन केसांचं टोक… आपल्याच हातानं, देवा, आपल्याच हातानं. आणि वर अभिमान!

"एक विचारू?" तो हळू आवाजात म्हणाला. आता तो पुन्हा पूर्वीचाच वेंडेल झाला होता, शब्द शोधणारा. "आता काही उरलेलं नाही, पण… तुला कळलं होतं ना? की मी विचारतोय म्हणून? कारण कधी कधी दुकानात एकटा असलो की मनात येतं… समजा तिला ती नुसती चूकच वाटली असेल तर? समजा ती… मग माझ्यानं पुढचं काम होत नाही, व्हर्ना."

तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. नाही म्हणायला एकच शब्द लागला असता. नाही रे, मला कळलंच नाही, मी तुझी वाट पाहत होते, मी आजही… तो शब्द तिच्या जिभेवर होता आणि तिच्या हक्काचा होता. तो उच्चारला असता तर त्याला जन्मभरासाठी कळलं असतं की ती त्याला हवी होती तितकाच तोही तिला हवा होता. आणि त्यानंतर दुकानात एकटा असताना या माणसाच्या हातून एकही अक्षर सरळ उमटलं नसतं. पलीकडून कॉरिन येत होती. तीन कप दोन हातांत सांभाळत, कोपरानं लोकांना बाजूला करत, आपलं पोट जपत.

"मी तपासनीस आहे, वेंडेल," व्हर्ना म्हणाली. "माझ्याकडून अशी चूक होईल होय?"

त्याचे खांदे खाली आले. किती वर्षांचं ओझं उतरलं ते तिला डोळ्यांनी दिसलं.

"नाही," तो म्हणाला. "तेच मी स्वतःला सांगतो. नाही होणार."

"साखर दोन चमचे घातली हं, विचारायचं राहिलं," कॉरिननं कप पुढे केला. "चालेल ना?"

"चालेल," व्हर्ना म्हणाली. तिनं कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, बाळंतपण कधी ते विचारलं, मावशीला नमस्कार सांगायला सांगितलं, आणि वेंडेलशी हात मिळवला. या वेळी तिनंच तो आधी सोडवला.

बाहेर आवारात ऊन होतं. गाडीत बसून तिनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. एकोणीस मे त्र्याऐंशी. काय करत होतो आपण त्या दिवशी? बोटांवर मोजून मोजून गुरुवार निघाला. म्हणजे कामावरच असणार. डबे तपासले असतील, कुणाशी तरी हवेबद्दल बोललो असू, संध्याकाळी खोलीवर येऊन बूट काढले असतील. पेनसिल्व्हेनियाची बस संध्याकाळी सहाला येते, आणि थांबा तिच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. तिनं पुष्कळ डोकं शिणवलं, पण त्या दिवसाचं तिला काही म्हणजे काहीच आठवेना.

"ये," ती मोठ्यानं म्हणाली. मग काचा वर केल्या आणि पुन्हा म्हणाली, "ये ना, वेंडेल," आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागली.